विषय क्रमांक सात

भोसरीत तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत
माझ्या नावाची पितळी पाटी असते :
प्र. ग. हुपरीकर, स्वतंत्र संचालक.
स्वतंत्र, म्हणजे माझा एकही शेअर नाही,
नातं नाही, मानधनापलीकडे येणं-देणं नाही.
गाडी मात्र ते पाठवतात.

विषय क्रमांक सात : लाभांश.
शेअरमागे एक रुपया, सहा वर्षं तोच,
तिजोरीत एकशे चाळीस कोटी पडून.
विषय क्रमांक आठ : मुळशीतली जमीन,
विकणारी कंपनी अध्यक्षांच्या जावयाची.
सात आणि आठच्या मध्ये
फक्त काजूची बशी होती.

मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
तीस वर्षं कॉलेजात कॉस्टिंग शिकवताना
मागच्या बाकावरच्यांना सांगायचो,
पैसा आपणहून कुठे जात नाही रे,
त्याला कुणीतरी नेतं.
तेच वाक्य आता
टाळूला चिकटलं होतं पेढ्यासारखं.

रानवडे हसले. "बोला की सर, तुम्ही तर घरचेच."

घरचेच.
कायद्यात या शब्दाची व्याख्या नाही.

मग एवढंच विचारलं :
जमीन हवीय कुणाला, आणि घाई कुणाला?
एसी ऐकू यायला लागला.
शाल्मली भडकमकर, कंपनी सेक्रेटरी,
नोकरीला जेमतेम वर्ष झालेली पोरगी,
पेन उचलून माझ्याकडे बघत राहिली,
काय लिहू, अशी.
म्हटलं, लिही. विचारलं तसंच.

चहा आला, गार झाला.
जमीन पुढच्या बैठकीवर ढकलली गेली,
लाभांश झाला दीड रुपया.
आठ आणे जिंकलो होतो;
खिशात काही वाजलं नाही.
खाली गाडी नव्हती.
नाशिक फाट्यापर्यंत रिक्षा केली, पुढे बस.

ऑगस्टात वार्षिक सभा, कर्वे रोडच्या हॉलमध्ये.
म्हातोबा लांडगे, निवृत्त टर्नर, तीनशे शेअर,
माइक दोन्ही हातांनी धरून म्हणाले :
"कारखाना आमच्या हातांनी उभा राहिला आणि दीडच रुपया?
वडासुद्धा गेल्या वर्षीपेक्षा बारीक!
ती स्वतंत्र माणसं तिथं बसून करतात तरी काय?"

हॉल हसला. रानवडे सगळ्यांत मोठ्यानं.

मी उठलो नाही.
इतिवृत्ताच्या चौथ्या पानावर
एक प्रश्नचिन्ह आहे, शाल्मलीनं टाइप केलेलं,
ते कुणी मागितल्याशिवाय दाखवता येत नाही.

मग वडा खाल्ला.
लांडग्यांचं खरं होतं.