समोरासमोर पानं

आई गेली त्या फेब्रुवारीपासून
वडिलांनी ताटाकडे नीट पाहिलं नव्हतं.
सूप निवायचं, वर साय धरायची,
ते खिडकीतून बर्फाकडे बघत.
ओरियाकच्या डॉक्टरनं रक्त, नाडी, सगळं तपासलं,
म्हणाला, काही नाही.
काही नाही, हेच तर झालं होतं त्यांना.

मे सरता सरता झेली वर आली.
सत्तरी उलटलेली, पायात गमबूट,
खांद्यावर दोन दातांचा लोखंडी काटा.
इकडे त्याला सैतानाचा काटा म्हणतात.
"चल," म्हणाली.
मी म्हटलं, मला जेन्शियन ओळखू येत नाही.
"मग आज येईल."

काँतालच्या पठारावर तांबड्या गाई सगळं खातात,
ह्याला तेवढं तोंड लावत नाहीत.
आणि ह्याच्या शेजारीच उभं असतं दुसरं एक,
तशीच रुंद, शिरांची पानं,
तसाच हिरवा साळसूदपणा,
मुळाचा काढा पोटात गेला तर काळीज थांबवणारं.

"पानं बघ," झेली म्हणाली.
"समोरासमोर असली तर आपलं.
एकाआड एक चढत गेली तर हात काढून घे.
जोडीनं राहतं ते औषध, एवढं ध्यानात ठेव."
मग स्वतःच हसली.
तिनं लग्न केलंच नव्हतं.

काटा रोवला, दोघींनी भार टाकला.
जमीन आधी ऐकेना, मग एकदम सुस्कारली,
आणि ज्वालामुखीच्या काळ्या मातीतून
हातभर लांब मूळ निघालं, मनगटाएवढं जाड,
म्हाताऱ्या मानेसारखं वळ्यावळ्यांचं.
मी वळ्या मोजायला लागले.
"सोड. तुझ्याहून थोरलं असेल.
दहा-वीस वर्षं तर ह्याला फूलच सुचत नाही."
एक तुकडा तिनं खड्ड्यात परत टाकला,
माती लोटली, बुटानं दाबली,
घरातून निघताना दार ओढून घ्यावं तशी.

चकत्या केल्या. आत पिवळं,
वारा लागला की तांबूस होत जाणारं.
पांढऱ्या वाइनमध्ये नऊ दिवस, तळघरात.
नऊच का?
"माझ्या आत्यानं दहा कधी केले नाहीत."
तापाला हेच द्यायचे म्हणे, जंतांना हेच,
चारा सोडलेल्या गाईलाही हेच.
पोटात व्रण असेल त्याला मात्र थेंबसुद्धा नाही.
वडिलांना जेवणाआधी, शिवणाच्या अंगुस्तानाएवढं.

आधी मी चाखलं.
कडू काय असतं ते मला ठाऊक आहे, असं वाटायचं.
हे जिभेवर थांबलंच नाही,
मागे जाऊन बसलं, कानशिलं आवळली
आणि विचारलं, आहेस ना इथे?

वडील रोज घेत, तोंड वाकडं करत.
तेवढंच काय ते तोंड हलायचं.
आठवडा गेला.
झेली चौकशीलाही आली नाही.

अकराव्या दिवशी मसूर शिजवले होते.
त्यांनी चमचा उचलला, थांबले,
चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं
आणि चिडून म्हणाले,
"मीठ कमी आहे."

मी उठले,
फडताळात तोंड खुपसून
बराच वेळ मीठ शोधत राहिले.

मिठाचं भांडं टेबलावरच होतं.