रिव्हर्स

लिलावात तिचा नंबर एकशे अकरा.
आदम गावाबाहेर, तारेच्या कुंपणात,
लष्करी बेडफर्ड, वाळूच्याच रंगाची,
चारही टायर बसलेले.
खलफान बिन सईदनं बोली लावली
तेव्हा त्याचा मुलगा दुसरीकडं बघत होता.

“चालेल?” म्हातारा म्हणाला.
“नशूफ,” मी म्हणालो. बघू.
गडहिंग्लजला आमच्याकडं ‘बघू’ म्हणजे नाही.
इथं अठरा वर्षांत
त्याचा अर्थ थोडा हललाय.

तीन शुक्रवार गेले.
एअर फिल्टरमध्ये कुंभारमाशीची घरं निघाली,
सात, एकाला एक चिकटून,
आमच्या कॅम्पातल्या खोल्यांसारखी.
टाकीतून गंज, चहाच्या चोथ्याएवढा जाड.
ब्रेकचे सिलिंडर धरून बसलेले. शाजीनं हातोडा घातला
आणि मल्याळममध्ये जे बोलला ते मला पाठ आहे,
अर्थ कधी विचारला नाही.

सीटखाली पाना सापडला, सात-सोळाचा,
मुठीला खाकी चिंधी गुंडाळलेला.
खलफाननं तो हातात घेतला,
चिंधीची गाठ अंगठ्यानं चाचपली.
“हा हरवला म्हणून माझे दोन रियाल कापले होते.
एकोणऐंशी साली.”
पाना त्याच्या पांढऱ्या दिशदाशाच्या खिशात गेला,
तेलाचा डाग बाहेर आला.

मग हवा काढायचं काम.
शाजी पंप मारतोय, मी नट ढिला करून उकिडवा.
फेस. फेस. नुसता फेस.
मग एकदम सरळ धार, बोटांवर कोमट.
स्टार्टर दाबला: टक्.
पुन्हा: टक्.
तिसऱ्यांदा एवढा काळा धूर
की मुलगा गाडीची काच वर करून बसला.

रिव्हर्स पडत नव्हता. गिअरबॉक्स उघडला तर अजून महिना.
तसं सांगितलं.
म्हातारा म्हणाला, “घर तर पुढं आहे.”

चाळीसच्या वर स्टेअरिंग थरथरायचं, म्हणून पस्तीस.
मागं मुलाची लँड क्रूझर, चारी दिवे लुकलुकवत,
रुसलेल्या जावयासारखी.
मनाहच्या पुढं खलफान म्हणाला, थांब.
जागा बदलली.
क्लच दोनदा दाबून त्यानं तिसरा टाकला, न बघता.
गुडघा वाजला, गिअर नाही वाजला.
बहलापर्यंत एक शब्द नाही.

फाटकातून थेट आत,
खजुरांच्या दोन रांगांमधून,
फलजच्या पाटाशी येऊन थांबली. बंपर आणि पाणी
यांच्यात वीतभर जागा.
बायको बाहेर आली, कमरेवर हात:
“आणि हे आता इथंच?”
मागं जाता येत नव्हतं, त्यामुळं
या प्रश्नाला उत्तर एकच होतं.
तो उतरला नाही. बसून राहिला,
इंजिन बंद करून,
दोन्ही हात चाकावर.

परत सोडायला मुलगा आला.
सीटवर आधी वर्तमानपत्र पसरलं, मग मी बसलो.
एसी गार. निझवाचे दिवे दिसेपर्यंत तो गप्प.
मग रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं,
रिव्हर्स करायला
साधारण किती लागतील?

नशूफ, म्हणालो.