यजमान : कुसर

ओतारी मॅडमनी बजावलं होतं,
तांबेरा लागलेली कुसर आण. फुलं नकोत.
म्हणून मेढ्याहून सकाळची गाडी,
केळघर घाटात तिसऱ्या वळणावर उतरलो,
खांद्याला लाकडी दाबफळ्या, आत जुनी वर्तमानपत्रं,
खिशात दहापटीचं भिंग.
एकोणतीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर आहे,
लॅटिन नावं बाटल्यांवरून पाठ झालीत,
झाडं मात्र अशीच, पायी.

एप्रिल सरत आलेला. रान खडखडीत,
करवंदं अजून चिकाची,
आणि कुसर तेवढी पांढरी होऊन
अंजनीच्या झाडावरून सांडलेली.

लांबून वेल एकच दिसते.
जवळ गेलं की दोन :
वरची, फुलणारी,
आणि खालची, जिला फुलायचं आठवत नाही.
कोंब सुजून करंगळीएवढे, पिळलेले,
धुणं पिळून दगडावरच विसरावं तसे.
पानं चिमटून आत वळलेली,
आणि साऱ्या अंगावर नारिंगी वाट्या,
मोहरीहून बारीक, काठोकाठ भरलेल्या.

बोट लावलं, बोट माखलं.
भिंग धरलं,
प्रत्येक वाटीचा काठ कातरलेला, नेटका,
जणू कुणी रात्रभर बसून केलंय.
मला वाईट वाटायला हवं होतं.
मी म्हणालो, वा!
मग इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही.

ऐकलं होतं.
ठकूबाई कोकरे, काखेत करंडी,
करंडीत ओल्या फडक्याखाली कळ्या.
मेढ्याच्या स्टँडवर दुपारी गजरे विकते.
"त्या शेंदराला हात नगा लावू.
तसल्या हातानं कळ्या खुडल्या तर समद्या वाया."

शेंदूर म्हणता तुम्ही याला?
"मंग काय म्हनू?
दगडाला लागला तर देव हुतो.
येलीला लागला की फुलायचं ऱ्हातं.
तीन वर्सांमागं निस्ता वढ्याच्या कडंला हुता.
औंदा बघा, पार रस्त्यापत्तूर आलाय."

मी बसून चिठ्ठी भरू लागलो.
लिहिताना मोठ्यानं वाचायची खोड आहे मला.
ठिकाण, केळघर घाट. तारीख, अठ्ठावीस.
रोग, तांबेरा. यजमान, कुसर.
"यजमान?" ती खुडायची थांबली.
"यजमान म्हंजी मालक न्हवं?"
म्हटलं, बुरशी ज्याच्या जिवावर जगते
त्याला पुस्तकात यजमान म्हणतात.
तिनं दोन कळ्या खुडल्या, तिसरी सोडली.
"आन त्येला इचारलं हुतं का कुनी,
ऱ्हायला यिऊ का म्हनून?"

चिठ्ठीवर तेवढा रकाना नव्हता.
मी 'शेरा'पुढं पेन टेकवलं,
आणि 'कोंब सुजलेले' असं लिहिलं.

निघताना दहाचा गजरा घेतला,
फुलं नकोत म्हणाल्या होत्या तरी.
तिनं तो पळसाच्या पानात बांधला,
माझ्या हातात दिला नाही,
पिशवीत वरून सोडला.

गाडीला गर्दी. मेढ्यापर्यंत उभाच.
वरची दांडी धरली होती,
हात धुतले नव्हते
हे साताऱ्यात उतरल्यावर आठवलं.

कपाटात तो कागद आता वरून दुसरा.
पानं तपकिरी पडली. वाट्या अजून नारिंगी.
मॅडम म्हणाल्या, नमुना उत्तम आलाय.

माझ्या दारात जाई आहे, बायकोनं लावलेली.
रोज पहाटे, ती उठायच्या आत,
भिंग घेऊन एकेक पान उलटं करतो.
अजून काही नाही.
म्हणजे, दिसत नाही.