वजावट

मार्च संपत आला की उपळेकर मॅडम
आपली खासगी फाइल माझ्या टेबलावर ठेवतात.
'निनाद, तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देत नाही.'
विमा, पीपीएफ, मुलीच्या कॉलेजची फी,
आणि यंदा एक गुलाबी पावती:
कुटुंबरक्षण समिती, दादर.
रुपये पंचवीस हजार फक्त.

'फक्त'पाशी मी थांबलो.

ही समिती मला ठाऊक आहे.
आमच्यासारख्या दोघांना लग्नाचा कागद मिळू नये
म्हणून तिचा वकील कोर्टात उभा असतो.
तारखांचे पैसे कुठून येतात, एवढंच माहीत नव्हतं.

खिडकीबाहेर माझगाव डॉकची क्रेन
काहीतरी उचलून धरून होती, बराच वेळ.

हीच बाई, दोन वर्षांपूर्वी,
मेडिक्लेमच्या फॉर्मवरचं 'पत्नी' खोडून
स्वतःच्या पेनाने 'जोडीदार' लिहिणारी.
मुख्य कचेरीने फॉर्म तीनदा परत पाठवला,
तिने तीनदा सही केली.
सुबोधचं अपेंडिक्स त्या सहीवर निघालं.

पावतीला चेकची झेरॉक्स टाचलेली.
तिच्यावर तीच सही, उ-चं तेच लांबलेलं शेपूट.
शाईही बहुधा तीच. झेरॉक्समध्ये कळत नाही.

जेवणाच्या सुट्टीत पारकरला विचारलं, नाव न घेता.
'घरचं मत घरी,' बोंबलाचा काटा काढत तो म्हणाला,
'हपिसात नीट वागतात ना?'
वागतात. फार नीट वागतात.
पण घरचं मत घरी राहिलं नाही, पारकर,
ते चालत माझ्या घरी आलं.

एटी-जीखाली निम्मी रक्कम वजा होते.
साडेबारा हजार सरकारने सोडले.
उरलेले साडेबारा कुणी सोडायचे
हे कलमात नाही.
बेरीज दोनदा तपासली. चूक करता आली असती.
केली नाही.

निघताना मॅडमनी विचारलं,
'सुबोध आता तिखट खातो का रे?'
खातो, म्हटलं.

घरी ओट्यावर त्यांचा स्टीलचा डबा आहे.
ऑपरेशननंतर त्यातून मऊ भात आला होता,
वर तुपाचा ठिपका.
डबा रिकामा परत करू नये म्हणतात,
चिमूटभर साखर तरी घालावी.
एप्रिल अर्धा झाला.
सुबोध दर रविवारी तो पुन्हा घासतो,
पुसतो, आणि विचारतो, काय घालायचं यात?

पावतीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.