देणगीदार क्रमांक एकशे बारा

सोहारच्या विद्यापीठात माझं काम आभार मानायचं.
पगारी.
घरी कुणी आभार मानले तर आई रागवायची,
"परका झालास का रे?"

इथे मी तक्ता आखलाय: नाव, रक्कम, जन्मतारीख,
अठ्ठेचाळीस तासांत पत्र, तिसऱ्या महिन्यात फोन,
वर्षाअखेर जेवण, भिंतीवर पितळी पाटी.
दहा हजार रियालच्या वर कुलगुरूंची सही,
खालच्यांना सहीचा शिक्का.

एकशे बाराच्या रकान्यात नाव नाही.
खलफान बिन सुवैद. मला ठाऊक, तक्त्याला नाही.
रमजानच्या आधी तो हलव्याच्या डब्यात
नोटा आणून ठेवतो, रबर लावून,
आणि म्हणतो, डाव्या हाताला कळू देऊ नकोस.
मी चमकलो. हे तर आमच्या चिपळूणचं बोलणं,
याच्या तोंडी अरबीत कसं?

बाग होती त्याची. विहिरीत समुद्र शिरला,
खजुरी उभ्या उभ्या वाळल्या.
जमीन विकली. त्यातले हे.

पत्र त्याला वाचता येत नाही. पाटी नको.
जेवणाला येत नाही, गुडघे.
माझ्या एवढ्या नेटक्या योजनेत
हा माणूस बसवायचा कुठे?
डबा मात्र टेबलावर, तुपकट, केशराचा वास धरून.
आणि शेजारचा डबा रिकामा परत धाडायचा नसतो,
चिमूटभर साखर तरी.

मी रय्याला बोलावलं. याच पैशांवर शिकते,
पाण्याची प्रयोगशाळा, तिसरं वर्ष.
कुणाचे ते विचारू नकोस, म्हटलं,
या डब्यात काहीतरी घाल.
दोन दिवसांनी औषधाची बाटली घेऊन आली,
बुचाला चिकटपट्टी, वर तारीख:
सहमकडच्या एका विहिरीचं खारं पाणी
तिनं गोडं केलेलं.

खलफानने बाटली उन्हात धरली.
हुंगली. घोटभर प्याला.
"पांचट," म्हणाला, "मीठ कमी पडलं."
मग बराच वेळ डोक्यावरची टोपी
सारखी करत राहिला.
उरलेलं बायकोसाठी ठेवलं, बूच घट्ट दाबून.

आज संचालकबाईंना अहवाल द्यायचाय.
'पोच दिली का?' या रकान्यात
मी लिहिलंय: दिली. एक घोट.
त्या खोडायला लावतील.

डबा परत आलाय.
मघापासून टेबलावर आहे, जड.
अजून उघडला नाही.