टंचाई आराखडा अंतिम सुधारित नवीन

हे एका फाईलचं नाव आहे.
तिच्याखाली हेच नाव, पुढं फक्त दोनचा आकडा,
आणि एक आहे नुसती ‘हीच घ्यावी’,
जी कुणीच घेत नाही.

जिंतूरच्या पाणीपुरवठा कचेरीत
एकाच उन्हाळ्याचे चौदा आराखडे.
प्रत्येकाला वाटतं, आपण शेवटचे.

उस्मानमामू रेकॉर्डला होते तेव्हा
कच्चा मसुदा पांढऱ्या रुमालात, मंजूर तांबड्यात.
खोडायचं तर एकच रेघ,
खालचं अक्षर वाचता येईल अशी,
रेघेशेजारी सही, सहीखाली तारीख.
‘खोडलेलं बी दिसलं पायजे, बेटा.
न्हाईतर कागद मुका होतो.’
ते रिटायर झाले, शाल-श्रीफळ झालं,
त्यांच्या रुमालांनी आता आम्ही स्क्रीन पुसतो.

सोमवारी रुपला राठोड आले, खोरीच्या तांड्याचे.
‘यादीत होतो की आमी. भिंतीवर लागली तवा
मी सोता बोट ठेवून पाह्यलं.
आता टँकर फाट्यावरूनच वळायलाय. कामून?’

मी एकेक उघडत गेले.
चौथीत आहे : अनुक्रमांक एकोणीस, घरं बेचाळीस, खेपा दोन.
पाचवीत आहे.
सहावीत अठरानंतर एकोणीसच,
पण दुसरंच गाव.
कुठं भोक नाही, ओरखडा नाही,
एसटीत कुणी उतरल्यावर माणसं सरकून बसतात
तशी गावं बसलेली.

बदल कुणी केला?
संगणक म्हणतो : ऑफिस.
सहा खुर्च्या, एक पासवर्ड,
तोही मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला.
साहेब म्हणाले, सिस्टीमनं झालं असेल.

मी वेळ पाहिली. अठरा मार्च, एक पन्नास.
सगळे डबे घेऊन मागच्या खोलीत.
माझी संकष्टी होती.
परभणीहून फोन : अर्ध्या तासात पाठवा.
आणि घाईत मी तिसरीच उघडली होती,
नवी बेरीज चिकटवली,
नाव दिलं ‘अंतिम’.
तिसरीत तांडा आलेलाच नव्हता अजून.

रुपला राठोड बाकावर, पिशवी गुडघ्यांवर,
माझ्याकडं नाही, पंख्याकडं बघत होते.
‘सिस्टीम’ हा शब्द तोंडात तयार होता.
गुळगुळीत, गोळीसारखा.

कपाटातून जुनं रजिस्टर काढलं.
लिहिलं : सहाव्या प्रतीत तांडा सुटला,
जुनी प्रत वापरल्यानं. वापरणार, अनुसया ढगे.
तारीख टाकली. ‘वापरणार’ खोडून ‘वापरली’ केलं,
एकच रेघ, खालचं दिसेल अशी.

मग पंधरावी फाईल.
नाव देताना बोट ‘अं’वर थांबलं.
तिथं फक्त तारीख घातली, वेळ,
आणि माझं नाव.

‘आता पक्कं का, बाई?’
म्हटलं, आज पाच वाजेपर्यंतचं पक्कं.
उद्या काही हललं, तर कुणी हलवलं
ते इथं येऊन विचारा.
ते उठले. दारातून परत आले,
रजिस्टरवर वाकून,
एकोणीसवर बोट ठेवून पाहिलं.