सुकती

रवळनाथाच्या अंगावर
मी पाण्याने पाकळ्या लावतो.
आजोबांनी लावल्या, वडिलांनी लावल्या;
आमच्या घराण्याची बोटे कायम थोडी ओली.
उजवी पडली तर हो,
डावी पडली तर नको,
आणि पडलीच नाही, तर बसायचे.
बसायचे कसे, ते कुणी शिकवत नाही.

ज्या अमावास्येला खाजणाचा बांध फुटला
त्या रात्री कुदळीचा आवाज मी ऐकला होता.
पंचनाम्यात लिहिले: खेकड्यांनी पोखरला.
शापोऱ्याचे खारे पाणी तीन महिने शेतांत उभे राहिले,
भाताच्या जागी शेवाळ,
मग कोळंबीची तळी,
मग पुरसो शेटच्या नावाचा फलक.
सगळ्यांनी सह्या दिल्या.
साक्षीदार म्हणून मीही दिली;
ही ओली बोटे तिथेही कामाला आली.
एकटी रुक्मा म्हामल म्हणाली, देत नाही.
तिच्या कुणग्याला आता तीन बाजूंनी शेट आहे.

तो देवाला चांदीची प्रभावळ घेऊन आला.
नदीकाठी हॉटेल बांधू का, असा कौल मागितला.
मी गाऱ्हाणे घातले
आणि आवाज कापू दिला नाही.
पाकळी उजवी पडली. लगेच.
जणू देवालाही घाई होती.

त्याच दुपारी रुक्माने विचारले एवढेच:
माझे शेत पुन्हा गोडे होईल का?
समईत दोनदा तेल घातले.
पाकळी हलली नाही.

रात्री मी देवाशी भांडलो.
म्हटले, रवळू, ही तलवार काय पालखीपुरतीच?
कुदळ तुला ऐकू आली नाही,
की प्रभावळीचे वजन आवडले?
भांडून घसा बसला.
तो होता तसाच उभा,
गंध थोडे ओघळलेले.

पहाटे बांधावर गेलो.
रुक्माच्या बाजूची जुनी मानस अजून उभी आहे,
दोन फळ्यांचे दार, ना कडी ना कुलूप.
भरतीचे पाणी चढत होते
आणि त्याच पाण्याच्या रेट्याने दार मिटत होते;
पाणी जितके माजेल तितके घट्ट.
ती कंदील विझवून बसली होती.
म्हणाली, "सुकती लागली की आपसूक उघडते.
आतले खारे तेव्हाच जाते, थोडे थोडे.
भरतीत कुणी ओढायला गेला, तर दारच मोडेल."
पदरात मूठभर कोरगूट होते,
खारे सोसणारे बियाणे, कुसाळ.
"कौल नसताना पेरणार?"
"त्याने नको कुठे म्हटलेय?"

हॉटेल उभे राहिले. रात्री नदीत त्याचे दिवे हलतात.
शेटच्या नातवाचे बारसे झाले, पाचशे पाने उठली,
मीही जेवलो. सोलकढी चांगली होती.
कोळंबीला रोग नाही,
शेटला साधा खोकला नाही.
लिहायला लाज वाटते, पण त्या खोकल्याची
मी बरीच वर्षे वाट पाहिली.
त्या वाट पाहण्याला मी भक्ती म्हणत होतो.

रुक्माच्या कुणग्यात पहिल्या वर्षी काही आले नाही.
दुसऱ्या वर्षी काड्या.
तिसऱ्या वर्षी सुपात मावेल एवढे भात,
त्यातले ओंजळभर तिने देवापुढे ठेवले
आणि काहीच न मागता गेली.

आज तिच्यासाठी पुन्हा पाकळी लावली आहे,
तिने सांगितलेले नाही, मीच.
ओली आहे तोवर ती देवाला धरून आहे,
सुकेल तेव्हा सुटेल.
फुंकर घालायचा मोह होतो. घालत नाही.
बाहेर शापोरा उतरू लागली आहे,
कुठेतरी लाकडावर लाकूड करकरले.
रुक्मा शेतात आहे. तिला थांबायला वेळ नाही.
मी समईत तेल घालतो
आणि बसतो.